शिमोन चर्मकाराचा पाहुणा

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये ९:४३ ते १०:२३



देवदूतांनी आणलेले अनेक निरोप पवित्र शास्त्रात आहेत. परंतु त्यांत एखाद्या घराचा पत्ता इतक्या बारकाईने सांगितल्याची उदाहरणे फार थोडी. कैसरियातील शताधिपती कर्नेल्य याला देवदूताने गावाचे नाव सांगितले, पाहुण्याचे नाव सांगितले, यजमानाचे नाव सांगितले, यजमानाचा धंदा सांगितला आणि घर समुद्रकिनारी आहे हेही सांगितले. तो धंदा कातडे कमावण्याचा होता. स्वर्गातून आलेल्या निरोपात चर्मकाराचा धंदा झाकून ठेवलेला नाही, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी.

शिमोनाचे घर समुद्रकिनारी का होते? कातडे कमावण्यास पाणी मुबलक लागते, हे एक कारण. दुसरे कारण माणसांनी निर्माण केलेले होते. लेवीय ११ प्रमाणे मेलेल्या जनावराच्या शवाला जो शिवे तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध गणला जाई. पुढे यहुदी शास्त्र्यांचे जे नियम मिश्ना ग्रंथात संग्रहित झाले, त्यांत कातडी कमावण्याची जागा गावापासून ५० हात दूर असावी असे सांगितले आहे. धंद्याच्या वासामुळे ज्यांच्या पत्नीला काडीमोड मिळू शकत असे, अशा पुरुषांतही चर्मकाराची गणना केलेली आहे. गावाच्या कडेला ढकललेला असा हा मनुष्य. त्याच्या घरी पेत्र उतरला, आणि तोही एका रात्रीपुरता नव्हे. पुष्कळ दिवस राहिला, असे लूक लिहितो.

हा उतारा मी आयुष्यभर वाचला आणि त्यावर अनेकदा प्रवचनही केले. परंतु तो मला खरोखर कळला तो वाराणसीत, सेवानिवृत्तीनंतर, हातात आरी घेऊन जमिनीवर बसलो तेव्हा.

मुलाच्या नोकरीमुळे काही महिने त्या नगरीत राहण्याचा योग आला. शहराच्या दक्षिणेस, बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या जवळ, सीर गोवर्धनपूर येथे संत रविदासांचे मोठे मंदिर आहे. महाराष्ट्रात आपण ज्यांना संत रोहिदास म्हणतो, तेच हे. तीच त्यांची जन्मभूमी मानली जाते आणि माघी पौर्णिमेस तेथे पंजाबातून व अन्य प्रांतांतून लोकांची अपार गर्दी होते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ४० पदे आहेत. त्यांतील एका पदात ते स्पष्ट सांगतात, की आपल्या जातीचे लोक बनारसच्या आसपास मेलेली गुरे ओढून नेतात. ज्या नगरीत विद्वत्तेचा आणि कुळाचा एवढा मान, तेथे त्यांनी आपला धंदा लपविला नाही. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. सणाच्या दिवशी लोक गंगास्नानास बोलावीत असता ते गेले नाहीत. कारण एका गिऱ्हाइकाला त्या दिवशी जोडा देण्याचा शब्द त्यांनी दिला होता. मग कातडे भिजविण्याच्या त्यांच्या काठवटीतच गंगा प्रकटली. आपली श्रद्धा वेगळी आहे. परंतु गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळणे ही देवाची सेवाच आहे, हे करिंथात तंबू शिवणाऱ्या पौलाला कोणी समजावून सांगावे लागले नसते.

त्या मंदिरातून परतताना एका गल्लीत एक वृद्ध कारागीर बूट शिवताना दिसला. मी थांबलो, आणि काय मनात आले कोण जाणे, ‘‘उस्ताद, मला शिकवाल का?’’ असे विचारून बसलो. त्याने माझे पांढरे केस पाहिले, माझे हात पाहिले, आणि बाजूचे पोते झटकून म्हणाला, ‘‘बसा, बाबूजी.’’

त्याने प्रथम माझे दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखले. चवड्याचा घेर, पायाच्या उंचवट्याचा घेर आणि टाचेचा घेर कागदाच्या पट्टीने मोजला. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा मोठा आहे, हे इतक्या वर्षांनी मला त्या दिवशी कळले. मग पायांच्या मापाचे लाकडी फर्मे निवडले. कातडे कोठे कापावे, हे शिकण्यातच दोन दिवस गेले. पाठीकडचे कातडे घट्ट असते, पोटाकडचे ताणले जाते, म्हणून बुटाच्या पुढच्या भागास पोटाकडचे घेऊ नये. रापीने कडा तासून पातळ करावयाच्या, आरीने भोके पाडावयाची, आणि एकाच भोकातून दोन बाजूंनी दोन सुया काढून मेण लावलेला दोरा ओढावयाचा. अशा शिवणीचा एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सुटत नाहीत. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांतून रक्त आले आणि टाके मुलाच्या पहिल्या अक्षरांप्रमाणे वाकडेतिकडे पडले.

सर्वांत कठीण काम फर्म्यावर कातडे चढविण्याचे. भिजवलेले कातडे पकडीने ओढून फर्म्यावर बसवावयाचे, खालून खिळे ठोकावयाचे आणि ते पूर्ण वाळेपर्यंत तसेच राहू द्यावयाचे. मी दुसऱ्याच दिवशी उतावळेपणाने खिळे काढले. संध्याकाळपर्यंत कातड्याचा आकार गेला. उस्ताद रागावला नाही. ते पुन्हा भिजवून तो म्हणाला, ‘‘बाबूजी, ओले असताना ते कोणताही आकार घेते, पण वाळेपर्यंत फर्म्यावर राहिले, तरच तो आकार टिकतो.’’ मजमध्ये राहा असे प्रभू आपल्या शिष्यांना पुनःपुन्हा का सांगतो (योहान १५), याचे इतके सोपे स्पष्टीकरण मी कोणत्याही टीकाग्रंथात वाचले नव्हते. उपासनेच्या वेळी आपली मने भिजतात, मऊ होतात. परंतु आपण फार लवकर खिळे काढतो.

बंधुभगिनींनो, आता जे सांगतो ते कबुलीजबाब म्हणून ऐकावे. माझ्या आजोबांच्या हातातही आरी होती. ते चर्मकार होते. त्यांचा बाप्तिस्मा झाला, माझे वडील मिशनच्या शाळेत शिकून शिक्षक झाले, आणि आजोबांची हत्यारे एका पेटीत गेली. ती पेटी कधी कोणासमोर उघडली नाही. माझ्या मुलीच्या विवाहाच्या बोलणीत समोरच्या ख्रिस्ती कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘‘आजोबा काय करीत?’’ मी म्हणालो, ‘‘शेती.’’ तीस वर्षे मी वेदीजवळ उभा राहिलो होतो, आणि त्या दिवशी मी माझ्या आजोबांना नाकारले. कोंबडा आरवला नाही. पण वाराणसीच्या त्या गल्लीत, ओल्या कातड्याच्या वासात, तो मला ऐकू आला.

येथे विल्यम केरीची आठवण होते. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये मराठीत छापून देणारा, १८०५ मध्येच मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारा हा मनुष्य इंग्लंडात जोडे शिवीत असे. १७९३ मध्ये तो भारतात आला आणि पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात आपली मराठी भाषा शिकवू लागला. एका मोठ्या मेजवानीत कोणा लष्करी अधिकाऱ्याने, हे केरी पूर्वी जोडे बनवीत होते ना, असे कुजबुजत विचारले, तेव्हा केरीने स्वतःच पुढे होऊन सांगितले, की नाही महाराज, जोडे बनविणारा नव्हे, केवळ जुने जोडे सांधणारा. त्याने आपला धंदा झाकला नाही, उलट एक पायरी खालचा सांगितला. ज्या हातांनी आरी धरली, त्याच हातांतून प्रभूचे वचन आपल्या भाषेत आले, आणि मी त्याच आरीची लाज धरली!

ही लाज माझ्या एकट्याची नाही. वाराणसीचे नाव निघाले की आपण अभिमानाने नीलकंठशास्त्री गोरे यांचे नाव घेतो. ते तेथेच विद्वान पंडित म्हणून वाढले, १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले, आणि कुळाची सारी प्रतिष्ठा ख्रिस्तासाठी त्यांनी सोडून दिली. त्यांचा अभिमान योग्यच आहे. परंतु त्यांनी जे सोडले तेच आपण उचलून घेतले नाही ना? आपल्या मंडळ्यांच्या स्मरणिकांत शास्त्री-पंडितांची छायाचित्रे असतात. ज्यांनी कातडे कमावले, दोर वळले, गावाबाहेर राहून उपासनेची पहिली झोपडी उभारली, त्यांची नावेही नसतात. आणि विवाह जुळविताना ‘‘मूळचे कोण?’’ हा प्रश्न प्रार्थनेनंतर लगेच विचारला जातो.

पेत्राला दृष्टान्त कोठे झाला, हे पाहा. मंदिरात नव्हे, चर्मकाराच्या घराच्या धाब्यावर. खाली कातडी भिजत होती, वर तो उपाशी प्रार्थना करीत होता. देवाने शुद्ध केलेल्याला तू अशुद्ध मानू नको, हा आदेश त्याला तेथे मिळाला. मला वाटते, देवाने त्याला आधी त्या घरात पुष्कळ दिवस ठेवले आणि मग ती चादर खाली सोडली. जो शिमोनाच्या पंक्तीला बसला नसता, तो कर्नेल्याच्या उंबरठ्यावर कसा पोहोचला असता?

आणखी एक विचार करा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने प्रभूच्या वहाणेचा बंद सोडण्यासही आपण योग्य नाही असे म्हटले. तो बंद कोणीतरी कापला होता, ती वहाण कोणीतरी शिवली होती. गालीलातील त्या अनामिक चर्मकाराच्या हातचे काम घालून आपला तारणारा यरुशलेमेपर्यंत चालत गेला.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. आपल्या मुलांना आपल्या आजापणजांचा खरा धंदा सांगा. आणि तो मान खाली घालून नव्हे, देवाचे आभार मानून सांगा. ज्याच्या घरी आपण कधी पाणी प्यायलो नाही, त्याच्या घरी जाऊन बसा. एक वेळ नव्हे, पुष्कळ दिवस. आणि विवाहाच्या बोलणीत तो एक प्रश्न विचारू नका.

माझे बूट अखेर पूर्ण झाले. एकाची टाच किंचित तिरपी आहे. शिवण सरळ नाही. परंतु ते माझ्या पायांना बसतात, कारण ते माझ्याच पायांच्या मापाचे आहेत. गावी परतल्यावर मी मुलीला व जावयाला जवळ बसवून आजोबांची पेटी उघडली आणि सारे सांगितले. जावईबापूंनी रापी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, ‘‘बाबा, माझ्याही आजोबांकडे अशीच होती.’’

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, चर्मकाराचा पत्ता तू शताधिपतीला सांगितलास. आम्ही जे पत्ते पुसून टाकले, ते आम्हाला पुन्हा लिहिण्यास शिकव. ज्यांनी आम्हाला वाढविले त्यांची आम्ही लाज धरली, त्याची आम्हाला क्षमा कर. आमची मने तुझ्या पुत्राच्या मापावर चढव, आणि त्याचे रूप आमच्यात स्थिर होईपर्यंत आम्हाला त्याच्यापासून दूर होऊ देऊ नको. येशूच्या नावाने मागतो. आमेन.