टाळूवरचा मळ

नुकत्याच जन्मलेल्या जिवाच्या अंगावर अशुद्ध असं काही असू शकतं का? प्रश्न पंडितांचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण भिवंडीत आरोग्यसेविका म्हणून घरोघरी फिरताना तो मला बाळांच्या टाळूवर दिसत आला. त्यामुळे त्यावर बोलायचा हक्क मी घेते.

बाळ तीन-चार आठवड्यांचं असतं. टाळूवर पिवळसर, चिकट पापुद्रे धरलेले असतात, कधी भुवयांत आणि कानामागेही. मी आत गेले की आई आधी बाळाचं टोपडं पुढे ओढते. सासूबाई सांगतात, "सिस्टर, गर्भातला मळ आहे, न्हाऊ घालताना नीट निघालाच नाही." शांतीनगरात गेलं की ऐकायला मिळतं, "बाजी, पेट का मैल है, छूटता नहीं." पद्मानगरच्या तेलुगू घरांत, कामतघरच्या आमच्या आगरी घरांत शब्द वेगळे असतात, पण आईच्या चेहऱ्यावरची शरम सगळीकडे एकच. मग कारणं निघतात. हिने ग्रहण पाळलं नाही, हिला डोहाळेच तसले लागले होते, पहिली आंघोळ हिच्या माहेरच्यांनी घाईत उरकली. पापुद्रे बाळाच्या डोक्यावर आणि न्यायनिवाडा आईचा.

डॉक्टर याला क्रेडल कॅप म्हणतात. गर्भात असताना आईची संप्रेरकं बाळाच्या रक्तात उतरलेली असतात. जन्मानंतरही ती काही काळ तिथे राहतात आणि बाळाच्या त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींना जास्त कामाला लावतात, असं वैद्यकाचं म्हणणं आहे. त्या तेलात कातडीच्या सुटणाऱ्या पेशी चिकटून राहतात आणि थर बसतो. मॅलॅसेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशीही त्यात हातभार लावते. ती तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कातडीवर असते आणि तेलावर जगते. बाळाला यात सहसा खाज नसते, दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. दूध पिणं, झोप, वजन, कशावरही परिणाम होत नाही. बहुतेक बाळांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत ते आपोआप जातं. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. रोज दोनदा न्हाऊ घातलेल्या बाळालाही होतं.

हे समजलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ज्याला आपण गर्भाचा मळ म्हणतो ती तर आईची बाळाच्या अंगात रेंगाळलेली सोबत आहे. नाळ कापली तरी ते दोघं एकमेकांपासून पुरते सुटलेले नसतात. त्याला घाण म्हणायचं कुणी ठरवलं?

ठरवणारे बरेच आहेत आणि ते फार जुने आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जातकर्म, चौल म्हणजे जावळ, आणि मौंजी या संस्कारांनी बीजाचे आणि गर्भाचे दोष धुऊन निघतात असं सांगितलं आहे. तिथलं बोलणं द्विजांपुरतंच आहे, तरी जावळ काढायची रीत आगरी, कोळी, कुणबी सगळ्यांच्या घरांत आहे. आमच्या घरची जावळं कार्ल्याला एकवीरा आईच्या पायाशी निघतात. बाळ मामाच्या मांडीवर बसतं. भिवंडीच्या मोमीन आणि कोकणी मुसलमान घरांत सातव्या दिवशी अकीका होतो, बाळाचे केस उतरवतात आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी गरिबांना देतात. मुलावरचा त्रास दूर करा, अशी आज्ञा हदीसमध्ये आहे आणि अनेक भाष्यकारांनी ती डोक्यावरच्या केसांशी जोडली आहे. त्याच धर्मात प्रत्येक मूल निर्मळ फितरतवर, म्हणजे मूळ स्वभावावर, जन्माला येतं असंही शिकवतात. पश्चिमेत संत ऑगस्टीनने तर तान्ह्या बाळातही मूळ पाप पाहिलं.

एका जाणत्या गुरुजींशी मी यावर बोलले होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की शास्त्रातला गर्भदोष सूक्ष्म आहे, त्याचा कातडीवरच्या पापुद्र्यांशी संबंध लावू नये. त्यांचं म्हणणं मी मान्य करते. पण तो सूक्ष्म दोष ग्रंथातून निघून न्हाणीघरात पोचेपर्यंत नखाने खरवडायचा मळ होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माणसं डाळीचं पीठ घासतात, लिंबू चोळतात, खायचा सोडा लावतात, बारीक दातांची फणी ओढतात. कुणाच्याही मनात दुष्टावा नसतो. बाळ शुद्ध व्हावं, एवढीच तळमळ असते.

शांतीनगरातलं एक घर सांगते. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर एकच खोली. खाली माग सुरू असले की वरची फरशी पायाखाली थरथरते. बाळाच्या डोक्याला रात्रभर सरसूचं तेल थापून ठेवलेलं होतं आणि त्यावर कारखान्यातल्या कापसाचे तंतू येऊन चिकटले होते. पिवळ्या थरावर राखाडी थर, आणि टाळूच्या कडेला, जिथे आजीने नख चालवलं होतं, तिथे रक्ताचे दोन ठिपके. आई बोलत नव्हती. आजी म्हणाली, "कितना भी निकालो, फिर आ जाता है."

मी कोमट पाण्यात मलमलचा तुकडा भिजवून ते तेल आधी पुसून काढलं. घरात खोबरेल होतं. चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात एकमेकांवर घासून ऊब आणली आणि रक्ताची जागा सोडून बाकी टाळूवर बोटांच्या पेरांनी हलकेच फिरवले. मग थांबले. वीसेक मिनिटं आम्ही तिघी नुसत्या बसून राहिलो. आजीला ते बसणं फार जड जात होतं, तिचा हात सारखा बाळाच्या डोक्याकडे जायचा. नंतर त्याच मलमलने, एकाच दिशेने, पापुद्रे उचलले. काही आले, सोबत दोन-चार बारीक केसही आले. आजी घाबरली. ते केस पुन्हा येतात, असं मी सांगितलं. जे पापुद्रे आले नाहीत ते तसेच ठेवले. सौम्य साबणाने डोकं धुतलं, टिपून कोरडं केलं.

"बाकी का क्या?" आजीने विचारलं.

"रहने दो अम्मा, अपने आप जाएगा."

त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर जे आलं तो अविश्वास होता. काही न करणं हा उपाय असू शकतो, हे कुणाच्याही गळी उतरवायला कठीण जातं. नैसर्गिक उपाय द्या, असं लोक मागतात तेव्हा त्यांना झाडाचं, बियांचं, स्वयंपाकघरातलं काहीतरी हवं असतं. पण लिंबूही निसर्गातलंच आहे आणि ते तान्ह्या कातडीला झोंबतं. सरसूच्या तेलानेही नाजूक त्वचेची चुरचुर होते. तेल कुठलंही असलं तरी तासन्‌तास डोक्यावर ठेवलं की त्या बुरशीलाच खाद्य मिळतं, आणि आपल्या गावात वर तंतू बसतात ते वेगळंच. तेलाचं काम पापुद्रे मऊ करण्यापुरतं. ते झालं की धुऊन टाकायचं. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं पुरतं. इथला खरा निसर्ग म्हणजे बाळाची स्वतःची कातडी. तिचं काम ती तिच्या वेळेने उरकते.

माझ्या मते श्रद्धेची कसोटी इथे लागते. घडवणाऱ्याने हे शरीर पूर्ण घडवलं आहे, असं आपण सकाळ-संध्याकाळ म्हणतो. मग त्याच्या कामावर पहिल्याच महिन्यात नख का चालवतो?

जन्मताना बाळाच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा थर असतो. पूर्वी तोही घाण समजून जन्मल्या जन्मल्या खसाखसा पुसला जायचा आणि बाळाला लगेच आंघोळ घातली जायची. तो थर ओलावा धरतो आणि जंतूंना अडवतो. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ २४ तास तरी पुढे ढकलायला सांगते, म्हणजे बाळाची ऊबही टिकते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या विटाळ म्हटलं, ते त्या जिवाचं पहिलं पांघरूण निघालं.

विटाळाचं उत्तर आपल्याकडे चौदाव्या शतकात एका बाईने देऊन ठेवलं आहे. संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाई. देहाला विटाळ म्हणणाऱ्यांना त्यांनी आपल्या अभंगात विचारलं, की विटाळावाचून जन्मलेला देह जगात कुठे आहे? ज्यांची सावलीसुद्धा अंगावर पडू नये म्हणून गाव दूर सरायचं, त्या घरातल्या बाईने हे विचारलं. वारकऱ्यांच्या कथेत त्यांच्या बाळंतपणाचाही प्रसंग आहे. चोखोबा घरी नव्हते, दिवस भरले होते, आणि विठ्ठल चोखोबांच्या बहिणीचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्याने सोयराबाईंचं बाळंतपण केलं. मला सगळ्या देवकथांमध्ये ही सर्वात मोठी वाटते. जिथे शिवाशिव पाळायची, सोयर धरायचं, त्या खोलीत देव स्वतः आला. त्याला तिथे मळ दिसला असता तर तो दारातून परत गेला असता.

म्हणून जावळ काढू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. मामाच्या मांडीवर बसलेलं रडवेलं बाळ, कुंकू लावलेली वाटी, अकीक्याच्या दिवशी तराजूत तोलली जाणारी चिमूटभर चांदी, हे मूल आपलं झालं असं सगळ्या गोतासमोर सांगायचे हे क्षण आहेत. चांदी गरिबाच्या घरी जाते ही तर फार सुंदर गोष्ट आहे. माझं म्हणणं फक्त दोष काढून टाकायच्या समजुतीबद्दल आहे. त्या समजुतीला एक पुरावा नेहमी दिला जातो, की जावळ काढलं आणि टाळू स्वच्छ झाली. वेळ जुळवून पाहा. आपल्याकडे बहुतेक जावळं सातव्या, नवव्या, अकराव्या महिन्यात किंवा तिसऱ्या वर्षी निघतात. तोवर पापुद्रे आपणहून गेलेले असतात किंवा जायच्या बेतात असतात. अकीका सातव्या दिवशी होतो तेव्हा बहुतेकांना ते आलेलेही नसतात, आणि गोटा केल्यावरही मागाहून येतात. वस्तऱ्याला जे श्रेय मिळतं ते दिवसांचं आहे.

आणि आईला जो दोष मिळतो त्याला तर कुठलाच आधार नाही. ओली बाळंतीण, रात्रीची झोप नाही, त्यात आपल्या पोटातली घाण बाळाच्या डोक्यावर दिसते आहे असं तिला रोज ऐकवायचं. मी अशा मुली पाहिल्या आहेत, ज्या बाळाला बारशात मांडीवर घ्यायला बिचकत होत्या. धर्माच्या नावाने हे होत असेल, तर ते धर्माला लागलेलं किटाळ आहे.

घरातल्या मोठ्या बायकांना माझं हात जोडून सांगणं आहे. टाळू मऊ लागते म्हणून तिथे हात लावायला घाबरू नका, पण नखही लावू नका. पापुद्रे वाळून निघत असतील तर निघू द्या. लाली वाढली, पाणी सुटलं, वास यायला लागला, रक्त आलं, ताप आला, मानेच्या किंवा जांघेच्या घड्यांत पसरलं, किंवा वर्ष उलटूनही गेलं नाही, तर डॉक्टरांकडे न्या, आणि मेडिकलवाल्याने नुसतं विचारून दिलेली मलमाची ट्यूब बाळाच्या डोक्याला लावू नका, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं. जावळाचा किंवा अकीक्याचा दिवस ठरला असेल आणि टाळूवर ओली जागा किंवा जखम असेल, तर वस्तरा थांबवा. एकवीरा आई पुढच्या महिन्यातही कार्ल्यालाच आहे, आणि अकीक्याला चौदावा, एकविसावा दिवस चालतो हे तुमचे मौलानाही सांगतील.