यंदा कुठे जायचे?

नाताळची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा कुठे जायचे? रजा आठ दिवसांची, गाठीची रक्कम बेताची आणि मनात मात्र दहा ठिकाणे. मुलांना गोव्याचा समुद्र हवा असतो, आईने वेलंकनीचा नवस बोललेला असतो, आणि दूरच्या गावी एखादी थकलेली आत्या वाट पाहत असते. त्यात रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून केवळ साठ दिवस आधी खुले होते. पूर्वी त्यासाठी एकशेवीस दिवस मिळत. निर्णय घाईने होतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा बेत ठरतो.

वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न. पण ज्याच्यापाशी अमाप वेळ आणि पैसा आहे, त्याला खरी निवड करावीच लागत नाही. यंदा हे, पुढच्या वर्षी ते. मर्यादा असते तेथेच एकाला होकार देताना दुसऱ्याला नकार द्यावा लागतो. तो नकार कोणाच्या वाट्याला जातो, हा प्रश्न नीतीचा आहे. तिकिटाची किंमत तिकिटावर छापलेली असते; ज्या घरी आपण गेलो नाही त्याची किंमत कोठेच छापलेली नसते.

अशा वेळी संत इग्नाती लोयोला यांची आठवण होते. १५२३ साली ते यरुशलेमला पोहोचले. तेथेच आयुष्य घालवावे ही त्यांची इच्छा. पण तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठविले. पुढे १५३७ साली ते सोबत्यांसह व्हेनिसला जहाजाची वाट पाहत राहिले. युद्धाच्या सावटामुळे जहाज निघालेच नाही. हुकलेल्या त्या प्रवासानंतर त्यांनी स्वतःला पोपमहोदयांच्या स्वाधीन केले आणि त्यातून येशूसंघ आकाराला आला. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, तेही दुसरा सोबती आजारी पडल्यामुळे त्याच्या जागी. इच्छित स्थळी न पोहोचणे म्हणजे आयुष्य वाया जाणे नव्हे, हे या दोघांच्या चरित्रांतून दिसते.

निवड कशी करावी यासाठी इग्नातींनी जे मार्ग सुचविले, त्यांतील दोन प्रापंचिकालाही उपयोगी आहेत. पहिला : आपल्याच परिस्थितीतील एखादा अनोळखी माणूस सल्ला विचारीत आहे असे समजा; त्याला काय सांगाल? दुसरा : मरणाच्या घडीला मागे वळून पाहताना कोणता निर्णय घेतला असता तर बरे वाटले असते?

या कसोट्या लावल्या म्हणजे दरवेळी आत्याचेच घर निघेल असे नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दहा वर्षांनी एकदा घडते. ते २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत होते. सत्तरीच्या आजीला त्या वर्षी जुन्या गोव्याला नेणे हीच अनेक घरांत योग्य निवड ठरली असेल, कारण पुढची संधी तिच्या हाती नव्हती. वर्षभर चुलीपाशी राबलेल्या गृहिणीला चार दिवस समुद्र दाखविणे हीही चैन नव्हे. उलट, कपाळाला आठ्या घालून केलेली कर्तव्याची भेट यजमानालाही जड होते. आणि कर्ज काढून केलेल्या यात्रेचे हप्ते मुलांच्या शिक्षणातून फिटणार असतील, तर ती यात्रा देवाने मागितलेली नाही. मंदिरात कोकरू अर्पण करण्याची ऐपत नसलेल्यांना नियमशास्त्राने दोन पारव्यांची मुभा दिली होती; नाझरेथच्या कुटुंबानेही गरिबांचेच अर्पण केले.

तेव्हा नकाशा उघडण्यापूर्वी एक विचार करावा : यांपैकी काय पुढच्या वर्षीही असेल आणि काय कदाचित नसेल? किल्ले, किनारे आणि बहुतेक तीर्थस्थळे आपली वाट पाहतील. वृद्धांचे डोळे, मुलांचे बालपण आणि अबोला धरलेल्या भावाचे मन यांना तेवढा अवधी नसतो. रजेचा अर्ज लिहिताना एवढे ध्यानात ठेवले, तर मोजके दिवस आणि मोजके पैसेही पुरतात.