शिवणयंत्र आहे, काकू नाहीत

बालगृहातल्या मुलीला 18 वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ती मूल राहत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात पुढच्या अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, पण ती 21 पर्यंत, नियमांनुसार अपवाद म्हणून 23 पर्यंत. तेवढ्यात तिने कमावतं व्हायचं. म्हणून तिला काहीतरी शिकवतात, आणि ते काहीतरी बहुधा शिवणकाम असतं. देणगीदाराचाही शिवणयंत्राशेजारी फोटो बरा येतो.

शिवणकामात वाईट काही नाही. पण घरी शिवणाऱ्या बाईचा जम कसा बसतो ते पाहा. पहिले ब्लाऊज आत्याचे, मग शेजारच्या काकूंचे. एखादा बिघडला तर काकू दोन शब्द सुनावतात आणि दिवाळीला पुन्हा कापड घेऊन येतात. हात बसतो तो अशा माणसांच्या जिवावर, आणि नाव होतं तेही त्यांच्याच तोंडून. संस्थेत वाढलेल्या मुलीला यंत्र मिळतं, काकू मिळत नाहीत. भाड्याने खोली बघायला गेली तर पहिला प्रश्न येतो, घरी कोण कोण असतं?

तेव्हा कोणता धंदा शिकवावा हे ठरवताना त्यात पैसा किती एवढंच पाहून भागत नाही. शिकता शिकता तिची चार माणसांत ऊठबस होते का, हेही पाहायला हवं.

दोन जुन्या संस्थांत हा फरक दिसतो. पंडिता रमाबाईंनी 1897 च्या सुमारास दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला आणल्या. तिथे विणकाम होतं, तेलघाणा होता, छापखानाही होता. त्या काळी बाईच्या हाती छपाईचे खिळे देणं ही लहान गोष्ट नव्हे. तरी ते जग आवाराच्या आतलं. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, 1909 नंतर, वेगळी वाट धरली: बायकांना परिचारिकेचं काम शिकायला ससून रुग्णालयात धाडलं. त्यात विधवा पुष्कळ होत्या, सगळ्या अनाथ नव्हत्या. पण अडचण तीच, पाठीशी कुणी नाही. वॉर्डात शिकणारीला डॉक्टर ओळखतात, रोग्यांचे नातेवाईक ओळखतात. प्रमाणपत्राच्या आधी तिचं काम माहीत झालेलं असतं.

आज ओळखी जोडून देण्याचं हेच काम आयटीआयनंतरची ॲप्रेंटिसशिप करू शकते. विद्यावेतन थोडं असतं, पण चुका सांगणारा सुपरवायझर असतो, डबा खायला सोबत असते, आणि त्यातलीच कुणीतरी म्हणते, "अगं, आमच्या चाळीत एक खोली रिकामी झालीय." महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण आहे. ते हवंच, पण सरकारी जागा मुळात किती निघतात!

पहिली नोकरी संस्था लावून देते आणि अहवालात मोजते. ती सुटल्यावर मिळालेली दुसरी नोकरी मुलीने आपल्या ओळखीने मिळवलेली असते. मोजायची तर ती मोजावी. त्यासाठी मुलगी बाहेर पडून तीन-चार वर्षं झाली तरी तिचा चालू फोन नंबर संस्थेकडे असला पाहिजे.