दंतसेवा आणि धर्मप्रचार

दुर्गम खेड्यांत जाऊन दातांवर मोफत उपचार करणाऱ्या ख्रिस्ती मिशनांमागे एक जुना धार्मिक प्रश्न आहे: दुखणे दूर करणे हे स्वतःच पुरेसे धर्मकृत्य आहे, की ते उपदेशापर्यंत नेणारे साधन आहे? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जॉर्ज लेस्ली मॅके यांच्या फॉर्मोसातील कार्यात स्पष्ट दिसतात.

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे मिशनरी मॅके १८७२ मध्ये उत्तर फॉर्मोसातील, म्हणजे आजच्या तैवानमधील, तामसुई बंदरात आले. त्यांचे शिक्षण धर्मशास्त्राचे होते. दंतवैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मात्र खेडोपाडी हिंडताना दातदुखीने बेजार झालेली माणसे त्यांना जागोजाग भेटत. पान-सुपारी आणि तंबाखूचे सेवन तेथे सर्रास होते. दाताच्या आत काळ्या डोक्याचा किडा कुरतडत बसतो, अशी लोकसमजूत होती. मॅके यांनी सुरुवातीला स्थानिक लोहाराकडून अवजारे घडवून घेतली. १८७३ पासून आपण स्वतः २१,००० हून अधिक दात काढले, असे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

त्यांचा क्रम ठरलेला असे. गावातल्या मोकळ्या जागेत, पुष्कळदा देवळाच्या दगडी पायऱ्यांवर, ते आणि त्यांचे विद्यार्थी उभे राहत. एक-दोन स्तोत्रे गात. मग दात काढत आणि शेवटी प्रवचन करत. रोगी बहुधा उभाच असे. काढलेला दात लगेच त्याच्या तळहातावर ठेवला जाई, कारण परक्या माणसाने तो स्वतःपाशी ठेवला असता तर लोकांच्या मनात संशय आला असता. ज्याच्या तोंडात हात घालायचा, त्याचा विश्वास आधी मिळवावा लागतो, हे यामागचे भान.

दात काढण्याचा मिशनला झालेला उपयोग मॅके यांनी मोकळेपणाने सांगितला आहे. ताप औषधाने उतरला तरी तो गावच्या देवांच्या कृपेने उतरला, असे विरोधकांना म्हणता येई; दाताचा ठणका थांबल्यावर मात्र श्रेय कोणाचे, याविषयी शंका उरत नसे. लोकांचा विरोध मावळायला याची फार मदत झाली, असे त्यांचे मत होते. नेमका येथेच नैतिक पेच उभा राहतो. वेदनेने व्याकूळ झालेला माणूस मोलभाव करण्याच्या स्थितीत नसतो. प्रवचन उपचारानंतर होत असल्याने त्याला उठून जाता येई, ही या क्रमाची जमेची बाजू. तरी उपकाराचे ओझे ऐकणाऱ्यावर राहतेच.

या पेचाचा विचार पुढे ख्रिस्ती वर्तुळातही झाला. हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम अर्नेस्ट हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३२ च्या अहवालात, वैद्यकीय आणि शैक्षणिक सेवेला प्रत्यक्ष धर्मप्रचाराच्या बंधनातून मोकळे करावे, अशी भूमिका घेतली. पारंपरिक मिशनरींनी तिला कडाडून विरोध केला. त्याच दशकात महात्मा गांधींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून सेवेच्या आडून होणाऱ्या धर्मांतरावर टीका केली. १९९४ मध्ये रेड क्रॉस चळवळ आणि अन्य मदतसंस्थांनी आपत्तीतील मदतकार्यासाठी आचारसंहिता स्वीकारली. एखाद्या धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी मदतीचा वापर करू नये, असे तिच्यात म्हटले आहे. तिच्या पुरस्कर्त्यांत कारितास आणि जागतिक चर्च परिषद या ख्रिस्ती संघटनाही होत्या.

बायबलमधील दाखलेही याच दिशेने बोट दाखवतात. येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो आणि आभार मानायला त्यांतला एकच परत येतो, पण उरलेल्या नऊ जणांचे बरेपण काढून घेतले जात नाही. वाटेत जखमी पडलेल्याची शुश्रूषा करणारा शोमरोनी प्रवासी त्याला कोणताही उपदेश करत नाही. श्रद्धेमुळे माणूस सेवेला प्रवृत्त होऊ शकतो आणि कोणी विचारले तर त्याने ती श्रद्धा लपवण्याचे कारण नाही. मात्र ऐकणे ही उपचाराची किंमत ठरली, की दानाचा सौदा होतो. ही पहिली कसोटी.

दुसरी कसोटी काळाची आहे. चार दिवसांच्या शिबिरात किडलेले दात काढून पथक परतले, तर ठणका थांबतो. पण काढलेला दात पुन्हा येत नाही आणि मागाहून रक्तस्राव झाला किंवा हिरडी सुजली, तर रोग्याकडे पाहणारे कोणी नसते. विजेशिवाय, हाताच्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. तिच्यामुळे खेड्यातही पुष्कळ दात वाचवता येतात आणि ती स्थानिक आरोग्यसेवकांना शिकवता येते. या कसोटीवर पाहिले, तर मॅके १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत फॉर्मोसाशी बांधलेले राहिले. त्यांनी तेथील तरुणांच्या हाती अवजारे दिली, त्यांपैकी कित्येक दात काढण्यात तरबेज झाले आणि मॅके यांच्या नावाचे रुग्णालय तैपेईत आजही चालू आहे.

म्हणून दंतसेवेचे धार्मिक मोल दोन गोष्टींवरून ठरते: प्रवचन न ऐकता निघून जाणाऱ्यालाही तितकाच चांगला उपचार मिळतो का आणि पथक गेल्यावर गावात दातांची काळजी घेऊ शकणारे कोणी उरते का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्या सेवेला वेगळ्या समर्थनाची गरज नाही.