दोन अंगरखे आणि एक घर

प्रवासाला निघणाऱ्या माणसासमोर दोन प्रश्न हटकून उभे राहतात : काय घालावे आणि कोठे उतरावे. हे प्रश्न सामानाचे आणि खर्चाचे आहेत, धर्माशी वा नीतीशी त्यांचा काय संबंध, असे कोणासही वाटेल. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना तर ते फारसे पडतही नसत. आपला प्रवास म्हणजे नात्यातले लग्न, कुणाचा बाप्तिस्मा, वेलंकणीची यात्रा, किंवा दहा वर्षांतून एकदा होणारे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन. उतरायचे ते मावशीकडे, काकांकडे, नाहीतर एखाद्या चर्चच्या आवारातील शाळेच्या वर्गात. आणि कपडे रविवारच्या मिस्सेचे. ज्या घरी जायचे त्या घरानेच दोन्ही प्रश्न आधी सोडवून ठेवलेले असत.

आता काळ पालटला आहे. ९ जून २०२५ रोजी सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. एकेकाळी आमच्या होटगीहून गोव्याला जायचे तर विजापूर, गदग, हुबळी, लोंढा असा आगगाडीचा लांबलचक वळसा घ्यावा लागे. परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींची झेप तर याहून मोठी आहे. अमेरिकेतल्या हिवाळ्याला कंटाळून ती जमैका, बार्बाडोस, सेंट लुशिया अशा कॅरिबियन बेटांवर आठवडाभर सुटीला जातात आणि भेटीला आलेल्या आईवडिलांनाही सोबत नेतात. मग आई विचारते, "तिथे मी साडीच नेसू ना?" आणि वडील विचारतात, "एका रात्रीचे भाडे किती?" मुले हसतात, पण मला वाटते, हे दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. 'मला काय शोभेल' आणि 'मला काय परवडेल' यांच्या मागे एक तिसरा प्रश्न उभा असतो : मी कोणाच्या घरी जात आहे? सहलींच्या जाहिरातींत समुद्र असतो, नारळाची झाडे असतात, पांढरीशुभ्र वाळू असते. त्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस मात्र बहुधा नसतो. असला तर हातात तबक घेऊन उभा असतो.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना प्रवासाला पाठविले, तेव्हा त्यांना फार थोड्या सूचना दिल्या. आणि त्यांत नेमक्या या दोन गोष्टींचा समावेश आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. दोन अंगरखे बरोबर घेऊ नका, ही वस्त्राविषयीची सूचना. ज्या घरात स्वागत होईल तेथेच राहा, एक घर सोडून दुसऱ्या घरी जाऊ नका आणि पुढे वाढले जाईल ते खा, ही निवाऱ्याविषयीची सूचना. एकच अंगरखा असलेल्याला रात्रीच्या थंडीत कोणाच्या तरी दारी जावेच लागते. त्याला यजमानाची गरज असते, आणि ही गरज असल्यामुळेच तो नम्र राहतो. घरे न बदलण्याची आज्ञा तर मानवी स्वभावाची नाडी ओळखून दिलेली आहे. पहिल्या रात्री गरीब विधवेच्या झोपडीत उतरावे आणि दुसऱ्या दिवशी गावच्या धनिकाने बोलावले की वळकटी उचलावी, हा मोह कोणाला होणार नाही?

यावर कोणी म्हणेल की शिष्य सुवार्ता सांगायला निघाले होते. आपण विश्रांतीला निघालो आहोत. विश्रांतीचा हक्क ख्रिस्तसभेला मान्यच आहे. दमूनभागून परतलेल्या शिष्यांना येशूने स्वतःच एकांतात विसावा घ्यायला बोलाविले होते. प्रश्न विश्रांतीचा नाही, ती कोणाच्या अंगणात घ्यायची याचा आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रवासी आणि पाहुणे यांचा विचार मोठ्या व्यवहारचातुर्याने केलेला आहे. कपडे त्या त्या ठिकाणच्या हवामानाप्रमाणे असावेत, असे ती सांगते. बाहेरगावी जाणाऱ्या बंधूंचा झगा रोजच्यापेक्षा किंचित बरा असावा; आणि प्रवासासाठी मठाच्या कोठीतून घेतलेले आतले कपडे परतल्यावर धुऊन जागच्या जागी ठेवावेत, इथपर्यंत तपशील आहे. मठात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताप्रमाणे करावे, हे त्या नियमावलीतील वचन प्रसिद्धच आहे. त्यामानाने दुसरी बाजू कमी सांगितली जाते. परक्या मठातून आलेल्या साधूने तेथील रीतीभातींत समाधान मानावे, अवास्तव मागण्या करून घराची शांती बिघडवू नये, असे ती बजावते. मात्र त्याने एखादी त्रुटी नम्रपणे दाखवून दिली, तर मठाधिपतीने तिचा विचार करावा; कदाचित परमेश्वराने त्याला त्यासाठीच धाडले असेल. यजमानाला पाहुण्यात ख्रिस्त दिसावा आणि पाहुण्याने मात्र स्वतःला ख्रिस्त समजून हुकूम सोडू नयेत, असा हा समतोल आहे.

संत ऑगस्टीन यांनीही एक आठवण नमूद करून ठेवली आहे. त्यांची आई संत मोनिका मिलान शहरी आली, तेव्हा शनिवारी उपवास करावा की नाही अशा पेचात ती पडली. तिच्या मूळ गावी तो पाळीत, मिलानमध्ये पाळीत नसत. बिशप संत अँब्रोज यांनी सल्ला दिला की मी रोमला जातो तेव्हा शनिवारचा उपवास करतो, येथे असतो तेव्हा करीत नाही. ज्या ठिकाणच्या ख्रिस्तसभेत जाल, तिची रीत पाळा. श्रद्धेचे मूलतत्त्व आणि ठिकाणाची रीत यांतला भेद इतक्या सोप्या शब्दांत क्वचितच सांगितला गेला असेल. आम्हा होटगीकरांना तो समजायला जड जाऊ नये. होटगी हे जंक्शन. मुंबई-मद्रासचा रुंद लोहमार्ग आणि विजापूर-गदगकडचा मीटरगेज यांची येथे गाठ पडे. रुंद मार्गावरची गाडी कितीही ऐटदार असली तरी पुढच्या अरुंद रुळांवर ती चालत नसे. उतारू सामान उचलीत, फलाट बदलीत आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसत. गदगपर्यंतचे रूळ माझ्या डब्याच्या मापाचे करून द्या, असा आग्रह स्टेशनमास्तरांपाशी कोणी धरीत नसे. पुढे तो मार्गही रुंद झाला. पण बदलायचे असते ते उताऱ्याने, ही शिकवण विसरण्याचे कारण नाही.

वस्त्राचा प्रश्न या दृष्टीने पाहिला म्हणजे पुष्कळसा सोपा होतो. समुद्रस्नानाचे कपडे समुद्रात अशोभनीय नसतात. तेच घालून कोणी बाजारात आला, तर कापड तेवढेच असूनही अर्थ बदलतो. बार्सिलोना हे काही सोवळे शहर नव्हे. तरीही २०११ साली तेथील नगरपालिकेने पोहण्याच्या कपड्यांत रस्त्यांवर हिंडण्यास बंदी घातली. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद या बेटांवर लष्करी ठिपक्यांचे हिरवट कपडे सामान्य नागरिकाने आणि पर्यटकाने घालणे कायद्याने गुन्हा आहे, कारण ते सैनिकांचे समजले जातात. आपल्याकडे कॉलेजातली मुले तसल्या विजारी सर्रास घालतात. त्या घालणाऱ्याच्या मनात पाप नसते. पण मनातली निष्पापता येथे पुरी पडत नाही. वस्त्राचा अर्थ पाहणाऱ्याच्या जगात ठरतो आणि तो विचारल्यावाचून कळत नाही. रोमच्या संत पीटर महामंदिरात उघडे खांदे आणि तोकड्या विजारी चालत नाहीत. जुन्या गोव्यात १६०५ साली पावन झालेल्या बॉम जेझू बासिलिकेतही अंग झाकणारा वेश असावा, अशी भाविकांची अपेक्षा असते. शालीनता म्हणजे कापडाची लांबी नव्हे. 'तुमच्याकडे कसे असते?' हे आधी विचारण्याची तयारी, हीच खरी शालीनता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. वेशाची चर्चा निघाली की तिचा सारा भार स्त्रियांवरच का पडतो? मर्यादेचे धडे मुलींना द्यायचे आणि मुलांना समुद्रकिनारी मोकाट सोडायचे, हा कोणता न्याय? येशूने वासनेच्या दृष्टीविषयी जी कठोर शिकवण दिली, तीत त्याने पाहणाऱ्याला जबाबदार धरले. जिच्याकडे पाहिले जाते तिला नव्हे. २०२३ च्या जानेवारीत गोव्याच्या पर्यटन खात्याला एक सूचनापत्र काढावे लागले : उन्हात पहुडलेल्या वा पोहणाऱ्या पर्यटकांची छायाचित्रे त्यांच्या अनुमतीवाचून काढू नयेत. ही सूचना ज्यांच्यासाठी होती, ते आपल्याच देशाच्या गावा-शहरांतून आलेले, अंगभर कपडे घातलेले पुरुष असू शकतात. हिंदी चित्रपटांनी गोव्याच्या कॅथलिक तरुणीचे जे सवंग चित्र वर्षानुवर्षे रंगविले, ते डोक्यात घेऊन कित्येकजण गोव्यात उतरतात, आणि मिस्सेहून घरी परतणाऱ्या मुलीला त्याचा त्रास भोगावा लागतो. तेव्हा प्रवासाला काय घालून जावे, या प्रश्नात नजर कशी घेऊन जावी हाही प्रश्न धरला पाहिजे.

निवाऱ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. येथे म्हटले जाते, "मी पैसे मोजले आहेत. मी पाहुणा नाही, गिऱ्हाईक आहे." हा युक्तिवाद खोलीपुरता खरा आहे. परंतु खोलीच्या भाड्यात गावची विहीर येत नाही आणि समुद्राकडे जाणारी पायवाटही येत नाही. १९८७ च्या सुमारास 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने ऐषारामी पर्यटनाविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा पाणी आणि किनारा याच तिच्या तक्रारी होत्या. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट एका बड्या हॉटेलाच्या बांधकामाने अडली, म्हणून गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजविले; अखेर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्याकडे जाण्याची लोकांची वाट मोकळी राहिली पाहिजे, असा निर्णय दिला. तिकडे जमैकात १९५६ चा किनारा नियंत्रण कायदा आहे. त्यात सामान्य जनतेला किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क दिलेला नाही. त्यामुळे बेटावर जन्मलेल्या माणसाला आपल्याच समुद्रात उतरण्यासाठी कुठे तिकीट काढावे लागते, कुठे कुंपणाबाहेर थांबावे लागते. जेवणखाण, करमणूक, समुद्र असे सारे एकाच भाड्यात देणाऱ्या निवासांत आठवडा काढलेला प्रवासी त्या देशातल्या कोणाशीही न बोलता परत येऊ शकतो.

याचा अर्थ मोठ्या हॉटेलांत पाऊल ठेवू नये, असा नाही. त्या हॉटेलांनी आपल्याही किती तरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या प्रवासी बोटींवर गोव्याचे तारवटी राबतात. महिनोन्‌महिने घरादाराचे तोंड न पाहता ते दुसऱ्यांच्या सुट्या सजवितात. सोलापूरच्या कारखान्यांत विणले जाणारे टॉवेल परदेशी जातात. कोण जाणे, एखाद्या दूरच्या बेटावर आरामखुर्चीवर अंथरलेला टॉवेल आपल्याच शेजाऱ्याने विणलेला असेल. आपण प्रवासी होण्याच्या कितीतरी आधीपासून अशा रीतीने यजमानाच्या बाजूला उभे आहोत. आपला भाऊ ज्या वागणुकीने दुखावतो, ती वागणूक आपण दुसऱ्याच्या भावाला देऊ नये, एवढे तरी आपल्याला कळले पाहिजे. प्रत्येक हॉटेलाच्या पाण्याचा हिशेब तपासणे प्रवाशाला शक्य नाही. परंतु गावकऱ्याने चालविलेली खानावळ जवळ असेल तर एखादे जेवण तेथे घेणे, टॉवेल रोज धुवायला न टाकणे, खोली झाडणाऱ्या बाईला नावाने हाक मारणे आणि रविवारी तेथल्या चर्चमध्ये तेथल्या लोकांसोबत मिस्सेला बसणे शक्य आहे. सेंट लुशियात बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. हॉटेलात जो आपल्याला जेवण वाढतो, तोच तेथे आपल्या शेजारच्या बाकावर गुडघे टेकून असेल.

आपल्या इतिहासात दोन्ही प्रकारचे पाहुणे होऊन गेले आहेत. १७३६ साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने फर्मान काढून स्थानिक ख्रिस्ती पुरुषांच्या धोतरावर आणि स्त्रियांच्या चोळीवर बंदी घातली. पाहुणाच घरातल्यांचे कपडे ठरवू लागला, त्याची ही खूण. ही गोष्ट आपल्याला सुखद नाही, पण ती लपविण्याने आपली श्रद्धा बळकट होणार नाही. त्याच भूमीवर १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट उतरले. त्यांनी यजमानांची भाषा पांघरली, आणि १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले. फर्मान आज अभ्यासकांच्या टिपणांत उरले आहे. पुराण मात्र आपल्या घरांत वाचले जाते.

सुटीला जावे, समुद्र पाहावा, अंगाला खारा वारा लागू द्यावा; सृष्टीचा आनंद घेणे हीदेखील निर्मात्याची स्तुतीच आहे. फक्त ट्रंक भरताना आणि खोली ठरविताना संत मत्तय यांनी रेखाटलेला अखेरच्या न्यायाचा प्रसंग आठवावा. तेथे विचारल्या जाणाऱ्या थोड्या प्रश्नांत वस्त्र आणि निवारा हे दोन्ही आहेत. आपण काय ल्यालो आणि कोठे उतरलो, हे मात्र तेथे कोणी विचारणार नाही. ज्याच्या अंगावर वस्त्र नव्हते त्याला आपण काय दिले आणि दारी आलेल्या परक्याला घरात घेतले की नाही, एवढेच विचारले जाईल. परतीच्या प्रवासात ज्याला हे आठवेल, त्याच्या गावातही कोणी परका उतरलेला असेल : ऊसतोडीच्या फडावरचा मजूर, यंत्रमागावर नव्याने आलेला परप्रांतीय, किंवा होटगी स्टेशनावर गाडी चुकलेला एखादा उतारू. पाहुणा होऊन काय शिकलो, हे त्याला आपण कसे वागवतो यावरून कळेल.