कच्चे मडके आणि दुसरा अर्ज

गेल्या आषाढी वारीतली गोष्ट. दिवेघाट चढून माउलींची पालखी सासवडला आली होती. पाय बोलत होते. हरिपाठ झाला, पंगती उठल्या आणि आमच्या विणेकरी बुवांचा नातू माझ्याशेजारी येऊन बसला. वय अठरा. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा तो पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला होता. मग निवड मंडळापुढे पाच दिवस राहून आला आणि पाचव्या दिवशी नापास होऊन घरी परतला. गावात आधीच पेढे वाटून झाले होते. त्यामुळे तोंड लपवायला म्हणून तो वारीत आला, हे त्यानेच सांगितले.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आपण सगळे म्हणतो तेच म्हणालो, "बाळा, पांडुरंगाची इच्छा."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, त्याची इच्छाच नसेल तर मी परत अर्ज भरला की त्याच्या इच्छेविरुद्ध गेलो असं होईल ना? आणि नाही भरला, तर घाबरून बसलो आणि नाव मात्र देवाचं सांगितलं, असंही होईल. मग मी काय करू?"

वाचकहो, त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. 'पांडुरंगाची इच्छा' हे शब्द आपण दुसऱ्याच्या दुःखावर किती सहज ठेवून देतो, याची मात्र लाज वाटली. त्याच्या प्रश्नावर पुढची सगळी वाट मी विचार करीत राहिलो. तो विचार इथे मांडतो.

आधी ही परीक्षा कशी असते ते पाहू. लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिचे गुण 900 आणि निवड मंडळाचेही तितकेच, 900. पहिल्याच दिवशी एक अंधूक चित्र तीस सेकंद दाखवतात आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. त्या दिवशीच बरेच जण परत पाठवले जातात. जे राहतात त्यांना पुढे एकामागून एक साठ शब्द दाखवले जातात. प्रत्येकाला पंधरा सेकंद, आणि मनात पहिला येईल तो विचार लिहायचा. बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या असतात, त्यातले शेवटचे चित्र कोरे असते. दोर, फळ्या आणि पिंपे घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे असतात. मुलाखत वेगळी. शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसतात आणि मग निवडलेल्यांचे छातीवरचे क्रमांक पुकारले जातात. ज्यांचा क्रमांक येत नाही, त्यांना का आला नाही हे कोणी सांगत नाही. पोराला सर्वांत जास्त टोचत होते ते हेच. "चूक कळली असती तर सुधारली असती," तो म्हणत होता.

हे सारे ऐकताना मला सारखी तेरची ती कथा आठवत होती. संतमंडळी जमली होती. मुक्ताईने गोरोबाकाकांना विचारले, "काका, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती?" काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवीत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवरायांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना ते सहन झाले नाही. ते रागावले, दुखावले. गोरोबाकाका म्हणाले, हे मडके कच्चे.

ज्यांच्या हातचा नैवेद्य देव जेवला, असे आपण मानतो, त्यांना भर सभेत कच्चे ठरवले गेले! आणि कशावरून? त्यांच्या भक्तीचा हिशोब कोणी मागितला नाही. एक टोला पडला आणि त्याला आतून काय आवाज आला एवढेच पाहिले गेले. पंधरा सेकंदांत एक शब्द दाखवून मनातला पहिला विचार टिपणारे परीक्षक तरी दुसरे काय करतात? तेही वाजवूनच पाहतात.

दुखावलेले नामदेवराय पंढरीला गेले आणि त्यांनी विठ्ठलाकडे तक्रार केली. इथे आपण सगळ्यांनी, विशेषतः आईबापांनी आणि गुरुजनांनी, जरा थांबावे. लाडक्या भक्ताची समजूत घालणे देवाला किती सोपे होते! 'ते लोक काय जाणतात, तू पक्काच आहेस,' एवढे म्हटले की काम झाले असते. देव तसे म्हणाला नाही. 'तुझ्या नशिबातच नाही, सोडून दे,' असेही म्हणाला नाही. त्याने गोरोबाकाकांचा निर्णय मान्य केला आणि नामदेवांना पुढची वाट दाखवली. विसोबा खेचरांकडे जा, म्हणाला. म्हणजे नकार खरा होता, तरी तो शेवटचा नव्हता. मी सासवडला 'पांडुरंगाची इच्छा' म्हणालो ते इथे चुकले. पांडुरंगाची इच्छा काय होती? नामदेवांनी कच्चे राहावे ही खासच नव्हती.

'कच्चे' हा शब्द आपण शिवीसारखा ऐकतो. कुंभाराच्या घरी तो शिवी नसतो. उन्हात वाळलेले पण अजून आव्यात न गेलेले मडके वाकडे निघाले, तर ते पाण्यात भिजवतात, पुन्हा चिखल करतात आणि पुन्हा चाकावर चढवतात. माती तीच, मडके नवे. भाजून निघालेले मडके तडकले तर मात्र त्याचे खापरच होते. कच्चेपणात सुधारण्याची सोय असते. अठराव्या वर्षी कोणी कच्चे म्हटले तर त्याने मातीला नावे ठेवलेली नसतात. त्या दिवशी टोला मारला तेव्हा जो आवाज आला, तेवढाच त्याने सांगितलेला असतो.

तरीही प्रत्येक नकार हा कच्चेपणाचाच असतो असे समजू नये. पंढरीच्या महाद्वारातच याचे दुसरे उदाहरण उभे आहे. चोखोबांना मंदिरात जाऊ दिले नाही, ते त्यांची भक्ती कच्ची होती म्हणून नव्हे. तो नियमाचा अन्याय होता. त्यांनी 'आणखी पिकून या' असे म्हणणे हे पाप झाले असते. ते दार 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. आपल्या विषयातही असे झालेच आहे. एनडीएचे दार मुलींना कित्येक वर्षे बंद होते. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला, 2022 साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि 2025 च्या मे महिन्यात त्यांतल्या सतरा जणी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. त्याआधी ज्या मुलींना अर्जसुद्धा करता आला नाही, त्यांच्यात काही उणे नव्हते. जिथे दारच चुकीचे असते तिथे बदलायचे असते ते दार. आणि शरीराची एखादी मर्यादा आड आली, डोळ्याला रंग ओळखता येत नसतील, तर तिथे ना अन्याय ना कच्चेपणा. ते स्वीकारून दुसरी वाट धरावी. म्हणून नकार आला की आधी विचारावे, हा तीनपैकी कोणता? उत्तर देताना स्वतःला फसवू नये. कच्चेपणाला अन्याय म्हणण्याचा मोह फार गोड असतो.

या पोराचा नकार पहिल्या प्रकारचा होता आणि ते त्याला आतून ठाऊक होते. बोलता बोलता तो म्हणाला, "गटात काम चाललं होतं तेव्हा माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. एक मुलगा फळीवर अडकला होता, त्याला हात द्यायचं राहून गेलं." कारण कोणी सांगितले नाही म्हणून तो कुढत होता, आणि कारण त्याच्या मनात पाच दिवसांपासून बसून होते.

मग दुसरा अर्ज भरावा की नाही? माझ्या मते भरावा. वयाची साडेएकोणीस वर्षे होईपर्यंतच एनडीएचे दार उघडे असते, म्हणून फार रेंगाळूही नये. पण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दुसऱ्यांदा जातो तो कोण?

एक वाट सोंगाची आहे. कोणत्या शब्दावर कोणते वाक्य लिहायचे, कोणत्या चित्रावर कोणती गोष्ट रचायची, हे पाठ करून जाणारे असतात. आपल्या भारुडात सोंग घेतात, पण ते सोंग आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही. स्वतःचे सोंग स्वतःलाच खरे वाटू लागले की माणूस बिघडतो. मडक्याला वरून गेरू लावला तर ते भाजल्यासारखे दिसेल. पाणी भरले की विरघळेल. आणि सैन्याच्या अधिकाऱ्याच्या हाती तर पाण्याऐवजी माणसांचे जीव असतात. सोंग घेऊन आत शिरणाऱ्याने परीक्षकाला फसवले असे वाटते. फसतात ते उद्या त्याच्या मागून चालणारे जवान.

दुसरी वाट औंढ्या नागनाथाची आहे. नामदेवराय तिथे गेले तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, देव नसेल अशा जागी माझे पाय उचलून ठेव. अशी जागा सापडेना. देव फक्त आपल्या पंढरीत, आपल्याशी बोलणारा, ही गाठ तिथे सुटली. नामदेवांनी तिथे थापटणे सोसण्याची युक्ती शिकली नाही. ज्या 'मी'ला थापटणे लागले होते, तो 'मी'च तिथे उतरला. पुढे ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची पदे आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत. गोरोबाकाकांना चूक ठरवायला ते परत गेले, असे कोणी सांगत नाही. तशी गरजच उरली नव्हती.

हट्ट आणि निष्ठा यांतला फरक मला इथे सापडला. हट्ट म्हणतो, मला नाकारले, आता दाखवून देतो. निष्ठा म्हणते, मला सेवा करायची आहे, त्यासाठी जे कमी आहे ते भरून काढतो. 'सेवा परमो धर्मः' हे एनडीएचे ब्रीदच आहे. मग परीक्षा सोपी आहे. पुन्हा नकार आला तरी तू सेवा करशील का? 'हो' म्हणता येत असेल तर खुशाल अर्ज भर. 'नाही' येत असेल तर तुला गणवेश हवा होता, सेवा नको होती.

आणि वारकऱ्याला दुसऱ्या अर्जाचे नवल ते काय! आषाढीला पंढरीत पोहोचलेल्या प्रत्येकाला कुठे पायांवर डोके ठेवायला मिळते? हजारो माउली कळस पाहून, हात जोडून परत फिरतात. 'यंदाची वारी वाया गेली' असे त्यांच्यातला एकही म्हणत नाही. पुढच्या आषाढीला पुन्हा निघतात. देवाने भेट नाकारली म्हणून वारी सोडावी, हे आपल्या संप्रदायाला ठाऊकच नाही. वाटेवर चालण्यानेच चालणारा घडतो.

वाखरीच्या मुक्कामी मी त्याला हे माझ्या तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितले. त्याने ऐकून घेतले, फार बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी पाहिले, पाण्याच्या टँकरपाशी तो म्हाताऱ्या आजीबाईंचे हंडे भरून देत होता. त्या गर्दीत त्याचा आवाज काही ऐकू आला नाही.

त्याने पुन्हा अर्ज भरला आहे. निवड मंडळाच्या कागदावर 'याआधी किती वेळा आलात' असे विचारतात. तिथे त्याला 'एकदा' असे लिहावे लागेल, आणि ते लिहायची आता लाज वाटत नाही, असे तो परवा फोनवर म्हणाला. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. वय उलटले तरी पदवीनंतर डेहराडूनची आणि चेन्नईची वाट आहे. तीही मिळाली नाही तर गाव आहे, शेत आहे, आणि हात द्यायला माणसे आहेतच.

कार्तिकीला तो आजोबांबरोबर पंढरीला येणार आहे. महाद्वारी नामदेव पायरीपाशी त्याला घेऊन जाईन म्हणतो. ज्यांना एकदा कच्चे म्हटले गेले, त्यांनी शेवटी मागितले ते एवढेच, की संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी. समोरच चोखोबांची समाधी आहे. दोघांनाही नमस्कार करून मग आत जाऊ.

रामकृष्ण हरी.