अडवावे की जाऊ द्यावे?

१६ ऑक्टोबर १९७८ या दिवशी रोममध्ये कार्डिनल कारोल वोयतिवा यांची पोपपदी निवड झाली. त्याच दिवशी त्यांच्या देशभगिनी वांदा रुतकेविच एव्हरेस्टच्या माथ्यावर उभ्या होत्या. एव्हरेस्ट सर करणारी पहिली पोलिश व्यक्ती, पहिली युरोपीय स्त्री आणि जगातील स्त्रियांत तिसरी, असा त्यांचा मान. पुढल्या वर्षी जूनमध्ये पोप दुसरे जॉन पॉल मायदेशी आले असता वांदांनी त्यांना एव्हरेस्टवरून आणलेला एक दगड भेट दिला. आपण दोघांनी एकाच दिवशी इतक्या उंचावर जावे ही परमेश्वराचीच इच्छा, अशा अर्थाचे उद्गार पोपमहोदयांनी तेव्हा काढले. आमच्या वाचकांपैकी काहींनी ही गोष्ट ऐकली असेल. वांदांच्या आयुष्याचा शेवट मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि आम्हांला आज त्याविषयीच लिहावयाचे आहे.

१२ मे १९९२. नेपाळ आणि सिक्कीम यांच्या सीमेवरील कांचनगंगा, ८,५८६ मीटर, जगातील तिसरे उंच शिखर. मेक्सिकोचे तरुण गिर्यारोहक कार्लोस कार्सोलिओ शिखर गाठून खाली उतरत होते. रात्र पडली होती. ८,२०० ते ८,३०० मीटरच्या दरम्यान त्यांना वांदा भेटल्या. वय ४९, शरीर थकलेले, रात्र काढण्याजोगे सामान जवळ नाही. तरी त्या उतरायला तयार नव्हत्या. इथेच थांबेन आणि उद्या माथ्यावर जाईन, असा त्यांचा निश्चय होता. कार्लोस एकटेच खाली गेले. वांदांना त्यानंतर कोणी पाहिले नाही. त्यांचा देहही मिळाला नाही.

कार्लोस यांनी त्यांना हाताला धरून खाली आणावयास हवे होते काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समोर उभी असलेली बाई कोणी नवशिकी नव्हती. २३ जून १९८६ रोजी के-टू या शिखरावर पोहोचलेली ती जगातील पहिली स्त्री. आठ हजार मीटरवरील चौदा शिखरांपैकी आठ तिच्या नावावर होती. मांडीचे हाड मोडलेले असताना, १९८२ साली, कुबड्या घेऊन के-टूच्या तळछावणीपर्यंत चालत गेलेली आणि तिथून स्त्रियांच्या मोहिमेचे नेतृत्व केलेली ही बाई. कार्लोस एकोणतीस वर्षांचे. वीस वर्षांनी वडील असलेल्या अशा व्यक्तीला कोणत्या तोंडाने सांगावे की बाई, आता पुरे?

मरण काय असते हे त्यांना कोणी शिकवावयाची गरजही नव्हती. भाऊ लहानपणीच, युद्धानंतर पडून राहिलेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात गेला. वडिलांचा १९७२ साली खून झाला. १९८२ च्या त्याच मोहिमेत हालिना ही सखी गेली. १९८६ साली के-टूच्या माथ्यावर त्याच दिवशी पोहोचलेले फ्रेंच दांपत्य, मोरिस आणि लिलियान बारार, उतरताना नाहीसे झाले. १९९० साली ज्याच्याबरोबर संसाराची स्वप्ने पाहिली तो कुर्त ब्रॉड पीकवरून कोसळला. असे असूनही त्या चढत राहिल्या. कोणी याला धैर्य म्हणेल, कोणी आणखी काही. आमच्याच्याने एका शब्दात सांगवत नाही.

'ज्याची त्याची मर्जी' हे उत्तर आजकाल फार झटकन दिले जाते. ते आम्हांला पुरेसे वाटत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सारेच शिकलो आहोत की पाप पूर्ण अर्थाने पाप ठरावयास पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते. हाच न्याय स्वातंत्र्यालाही लागू आहे. आठ हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम एक-तृतीयांश. तिथे मन मंदावते, आणि ते मंदावले आहे हेच मनाला कळत नाही. वांदांचा जीव वाचू शकेल असा निर्णय घेण्याची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती, असे कार्लोस यांनी पुढे स्वतःच सांगितले. मग त्या रात्री तिथे 'मर्जी' होती कोणाची?

पण हाच युक्तिवाद कार्लोस यांच्याही बाजूने जातो, हे विसरता कामा नये. तेही त्याच हवेत श्वास घेत होते, शिखरावरून परतताना अंगातले सारे त्राण संपलेले होते. काइनाने देवाला विचारलेला तो उर्मट प्रश्न त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. काइन आपल्या भानावर होता.

तेव्हा हा प्रश्न विचारण्याची जागा ८,३०० मीटर ही नव्हेच, असे आमचे मत आहे. डोंगर चढणे हेच चूक, असे आम्ही म्हणत नाही. पोप अकरावे पायस हे स्वतः कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली, धर्मगुरू असताना, त्यांनी मोंटे रोझाची अवघड चढाई केली होती, आणि १९२३ साली त्यांनीच संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. संत थॉमस अक्वायनस यांनी तर भित्रेपणाबरोबर निर्भयपणाचीही गणना दोषांत केली आहे. भ्यावे तिथे न भिणे हे कधी गर्वातून, कधी मंद बुद्धीतून, तर कधी जीवनावरील प्रेम आटल्यामुळे येते, असे त्यांचे म्हणणे. हे तिसरे कारण वाचताना आम्हांला कुर्तच्या मृत्यूनंतरची वांदा आठवते.

त्या मृत्यूनंतर त्यांनी एक योजना जाहीर केली, 'स्वप्नांचा तांडा'. उरलेली आठ महाशिखरे साधारण वर्षभरात सर करावयाची. एका शिखरावर विरळ हवेची झालेली सवय मोडण्यापूर्वीच पुढचे गाठावयाचे. शरीर सवयीचे होते हे खरे, पण त्या उंचीवर ते झिजतेही. अनेक सहकाऱ्यांना ही योजना अशक्य वाटली. १९९१ साली चो ओयू आणि अन्नपूर्णा झाली. अन्नपूर्णेच्या चढाईवर काहींनी शंका घेतली, ते त्यांच्या जिव्हारी लागले. त्यानंतर आले कांचनगंगा.

अडवण्याची वेळ होती ती योजना कागदावर असताना, जमिनीवर, पुरेशा प्राणवायूत. पण तेव्हा शिखरे मोजली जात होती, आणि मोजणाऱ्यांत परकेच नव्हते. कर्तबगार माणसाला त्याच्या कर्तबगारीविषयी प्रश्न विचारणे जवळच्यांनाच सर्वांत जड जाते. आपल्या घरांत तरी वेगळे काय आहे? रात्रपाळीवर रात्रपाळी करणाऱ्या, परदेशी राबून प्रकृतीची हेळसांड करणाऱ्या मुलाला आपण 'किती पाठवलेस' असे विचारतो. 'थांब' हा शब्द आपल्याला सुचतो तो इस्पितळाच्या दारात.

कार्लोस यांनी पुढे, १९९६ साली, चौदाही शिखरे पूर्ण केली; असे करणारे ते जगातील चौथे. त्या मे महिन्यात मात्र शिखर सर होऊनही ते लगेच निघून गेले नाहीत. खालच्या छावणीत, हवा बिघडत असताना, ते वांदांची वाट पाहत राहिले.